दुसऱ्या बर्थचं भाडं

"मॅडम, दुसऱ्या पॅसेंजरचं नाव सांगा," फोनवरचा मुलगा म्हणाला.

"दुसरं कोणी नाही. मी एकटीच आहे."

तो जरासा थांबला. मग म्हणाला, "मग भाडं जवळजवळ डबल होईल. जाहिरातीतला आकडा दोघं एका केबिनमध्ये धरून आहे. एकट्यानं केबिन घेतली तर दुसऱ्या बर्थचंही भरावं लागतं."

"त्या बर्थवर कोणी झोपणार नाही तरी?"

"हो मॅडम. कोणी झोपलं नाही तरी."

ही २०१८ सालच्या ऑगस्टमधली गोष्ट. मुंबईहून मालदीवला जाणाऱ्या एका मोठ्या परदेशी जहाजाची जाहिरात मी पेपरात पाहिली होती आणि मोठ्या उत्साहानं एका एजन्सीला फोन लावला होता. फोन ठेवला तेव्हा उत्साह निम्मा झाला होता आणि भाडं दुप्पट.

मी उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी शिकवते. तेव्हा वय ४४, लग्न झालेलं नाही. का झालं नाही, ते सांगत बसत नाही. आपल्या घरांमध्ये ज्या कारणांनी थोरल्या मुलीचं राहून जातं, त्याच कारणांनी राहिलं. अम्मी सात वर्षं अंथरुणाला खिळून होती. ती अल्लाहला प्यारी झाली त्याला तेव्हा दोन वर्षं झाली होती. धाकट्या भावाचा संसार सुखाचा चाललेला, अब्बा हिंडते-फिरते. आणि एक दिवस माझ्या लक्षात आलं की आयुष्यात मी पुष्कळ ठिकाणी गेले, पण प्रत्येक वेळी हातात दुसऱ्याचं काहीतरी धरून. शाळेच्या सहलीत साठ मुलींची यादी. उमऱ्याला अम्मीची व्हीलचेअर (तो प्रवास मात्र मी कशाशीही बदलणार नाही). पुतण्याच्या अ‍ॅडमिशनच्या वेळी पुण्यात त्याची फाईल. नुसती आपली बॅग घेऊन मी कुठेच गेले नव्हते.

जहाजच का, याचं कारण अब्बा. आमचं गाव दाभोळच्या खाडीकाठी. एके काळी आमच्या गावात घरटी एक माणूस जहाजावर असायचा. अब्बा १९६२ साली मुंबईला जाऊन जहाजावर लागले ते इंजिनरूममध्ये, तेलवाला म्हणून. पुढची पस्तीस वर्षं त्यांनी जगातली बंदरं पाहिली, पण समुद्र फार कमी पाहिला. "आम्ही जहाजाच्या पोटात. वर काय चाललंय ते वरच्यांना माहीत," असं ते हसून सांगायचे. सुट्टीवर आले की ओटीवरच्या झोपाळ्यावर बसून आम्हा भावंडांना सिंगापूर, हॅम्बुर्ग, डर्बन ऐकवायचे. माझी दादी मुंबईहून जहाजानंच हजला गेली होती. ती जहाजं १९९५ साली बंद झाली, पण दादी असेपर्यंत तिच्या तोंडी तो प्रवास होता. खालच्या मजल्यावर ओळीनं लावलेल्या बर्थ, दहा गावच्या बायका, कुणाचं लोणचं कुणाच्या भातावर. थोडक्यात, आमच्या घरात सगळ्यांनी जहाज पाहिलं होतं. मी सोडून.

फोन झाल्यावर मी अब्बांना हिशेब सांगितला. त्यांनी तो शांतपणे ऐकला आणि विचारलं, "दुप्पट कशाकशाचं करतायत? सगळ्याचं?"

शिक्षिका मी, पण प्रश्न त्यांना सुचला. मी परत फोन केला. तेव्हा कळलं की बंदराचे कर आणि जहाजावरच्या नोकरवर्गाची रोजची बक्षिसी माणशी असते, ती एकाचीच लागते. दुप्पट होतं ते केबिनचं मूळ भाडं. ज्यांना अशा जहाजानं एकटीनं जायचं असेल त्यांनी हा हिशेब वेगवेगळा मागून घ्यावा. एका आकड्यात सगळं गुंडाळून सांगितलं की आपल्याला वाटतं, एवढंच असतं. काही जहाजांवर दुसऱ्या बर्थचे पूर्ण पैसे घेतात, काहींवर निम्मे, आणि सीझन मंद असला तर क्वचित काहीच घेत नाहीत. जहाजवाल्यांची बाजूही आहे म्हणा. दुसरा माणूस नसला की त्याचं भाडं तर जातंच, शिवाय तो जहाजावर जे पैसे उडवणार असतो, तेही जातात.

त्या दिवसांत मी या विषयावर जे मिळेल ते वाचत होते. नॉर्वेजियन कंपनीच्या 'एपिक' नावाच्या जहाजावर २०१० साली खास एकट्यांसाठी १२८ छोट्या खोल्या काढल्या, असं वाचलं. खोली शंभर चौरस फूट, समुद्राकडे खिडकी नाही, पण भाडं एकाचंच. आणि त्या खोल्यांमध्ये राहणाऱ्यांना बसायला वेगळा दिवाणखाना, म्हणजे ज्याला गप्पा हव्यात त्याला गप्पा. वाचून बरं वाटलं. जगात एकटी माणसं आहेत, हे कुणाच्या तरी ध्यानात आलं म्हणायचं. पण ते जहाज अमेरिका-युरोपकडचं. माझ्या पगारात आणि माझ्या सुट्टीत ते बसणार नव्हतं.

मुंबईच्या त्या मोठ्या जहाजाबद्दल आणखी एक गोष्ट मनात होती. कॅसिनो, बार, रात्रीचे नाच. कुणी मला तिथे ओढून नेणार नव्हतं हे खरं. पण भाड्याच्या आकड्यात त्या सगळ्या झगमगाटाचाही वाटा असतो, आणि जे मला नकोच आहे त्याचे पैसे, तेही दोन माणसांचे, भरायला जीव धजेना. जेवणाचं विचारलं तर "जैन मिळेल मॅडम" असं लगेच उत्तर आलं. हलालचं विचारल्यावर "बघून सांगतो" म्हणाला, तो अजून बघतोच आहे.

त्याच सुमारास मुंबई-गोवा 'आंग्रिया' सुरू व्हायची होती. तिच्यात एकेका माणसाला बर्थ मिळायची सोय होती, दुसऱ्याचं भाडं भरायचा प्रश्न नाही. अब्बांना ही कल्पना आवडली, कारण बोट आपल्या किनाऱ्यावरून जाणार. पूर्वी मुंबईची बोट दाभोळला लागायची ते दिवस त्यांना आठवले. पण ती एका रात्रीची बोट. संध्याकाळी बसायचं आणि सकाळी उतरायचं, आणि आपलं गाव आलं तेव्हा आपण झोपलेले. मला जहाजावर राहायचं होतं.

मग शाळेतल्या भूगोलाच्या बाईंनी लक्षद्वीपचं सुचवलं. त्यांची बहीण कुटुंबासोबत जाऊन आली होती. लक्षद्वीपच्या पर्यटन खात्याची 'समुद्रम्' नावाची पाच दिवसांची सहल असते. कोचीहून 'एम. व्ही. कवरत्ती' या जहाजानं निघायचं, रोज एका बेटावर दिवस घालवायचा आणि रात्री पुन्हा जहाजावर झोपायला यायचं. कल्पेनी, मिनिकॉय, कवरत्ती. जहाज सातशे प्रवाशांचं, आणि ते काही केवळ पर्यटकांचं नाही. बेटावरच्या लोकांची ती एस.टी.च. कुणी कोचीच्या दवाखान्यातून घरी चाललेलं, कुणी कॉलेजातून. दोन बर्थची केबिन महाग, चार बर्थची स्वस्त, आणि पैसे आपल्या एका बर्थचे. मी कोचीला फोन करून विचारलं, "मी एकटी बाई आहे. चार बर्थच्या केबिनमध्ये बाकी तिघं कोण असतील?" पलीकडच्या गृहस्थांनी मल्याळी वळणाच्या हिंदीत सांगितलं, "लेडीज के साथ लेडीज." एवढं एक वाक्य ऐकायला मी महिनाभर फोन करत होते.

शिवाय लक्षद्वीपची वस्ती जवळजवळ सगळी मुसलमान, आणि आपल्या कोकणासारखीच शाफई. बंगाराम सोडलं तर तेव्हा सगळ्या बेटांवर दारूबंदी होती. जेवणाचा प्रश्नच मिटला.

उरला प्रश्न घरचा.

भाऊ वाईट नाही. त्यानं आवाजसुद्धा चढवला नाही. "आपा, हजला निघाली असतीस तर मी स्वतः फॉर्म भरला असता. हे नुसतं फिरणं आहे. महरमशिवाय पाच दिवस समुद्रात?" त्याच वर्षी, २०१८ पासून, हजसाठी ४५ वर्षांवरच्या स्त्रियांना चौघी किंवा जास्त मिळून महरमशिवाय अर्ज करता येऊ लागला होता. मी म्हटलं, "बघ, तिथेही मी एका वर्षानं हुकले." तो हसला नाही.

आमच्या मोहल्ल्यातल्या मौलानासाहेबांना मी पडद्याआडून नाही, सरळ त्यांच्या बैठकीत अब्बांसोबत जाऊन विचारलं. त्यांचं उत्तर मला आवडलं, कारण त्यांनी मला बरं वाटावं म्हणून काही सांगितलं नाही. ते म्हणाले, शाफई फिकहमध्ये फर्ज हजसाठी भरवशाच्या बायकांच्या सोबतीनं जायची मुभा आहे. फिरण्याच्या प्रवासाला जुने उलमा ती मुभा देत नाहीत. आजच्या काळातले काही आलिम रस्ता किती सुरक्षित आहे, सोबत कोण आहे, हे पाहून सवलत देतात. "बेटी, दोन्ही मतं तुझ्यासमोर ठेवली. तू शिकलेली आहेस, वडील हयात आहेत."

मी आलिमा नाही आणि या जागी फतवाही देणार नाही. काही भगिनींना माझा निर्णय पटणार नाही, त्यांच्याशी मला वाद घालायचा नाही. पण एक गोष्ट मनात सलत होती ती सांगते. २०१४ च्या निवडणुकीत मला डोंगरातल्या एका वाडीवर ड्यूटी लागली होती. आदल्या रात्री शाळेच्या खोलीत मुक्काम, दाराला कडी नाही, सोबत अनोळखी कर्मचारी. तेव्हा माझ्याच घरात कुणाला महरमची आठवण झाली नव्हती. पेपर तपासायला, प्रशिक्षणाला मी रत्नागिरी, कोल्हापूर, औरंगाबाद एकटी करत आले. माझ्या पगारावर अम्मीचं औषध चालायचं तेव्हा माझा प्रवास प्रवास नव्हता, नोकरी होती. हे मी भावाला बोलून दाखवलं. आयुष्यात पहिल्यांदाच मी त्याला असं काही ऐकवलं असेन. तो उठून बाहेर गेला आणि दोन दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलला.

तिसऱ्या दिवशी जेवताना अब्बा म्हणाले, "ती जाईल. मी बाप आहे, मी परवानगी दिली." मग भाकरी मोडत माझ्याकडे न बघता, "बर्थ कुठल्या डेकवर आहे ते विचारलंस का?"

तिथून पुढे आमची शिकवणी सुरू झाली. विद्यार्थिनी मी. अब्बांचं सांगणं असं की केबिन जहाजाच्या मध्यावर आणि खालच्या बाजूला घ्यावी. लोक जास्त पैसे देऊन सगळ्यात वरची, बाल्कनीची घेतात. हवा चांगली, पण डोलणंही तिथेच जास्त. "हा झोपाळा कडीपाशी किती हलतो आणि पाटापाशी किती? तसंच." अगदी मागे पंख्याचा थरथराट, अगदी पुढे लाटांचे दणके, आणि जनरेटरच्या डोक्यावर केबिन आली तर रात्रभर भुणभुण. "मला विचार, मी त्या भुणभुणीशेजारी आयुष्य काढलंय." पोट अगदी रिकामं ठेवू नये, अगदी भरूही नये. मळमळलं तर केबिनमध्ये पडून न राहता उघड्यावर यावं आणि दूर क्षितिजाकडे बघावं. आणि शेवटचं, "बेटांना धक्का नसतो. जहाज बाहेर उभं राहतं, लहान बोटीत उतरावं लागतं. बोट लाटेवर वर आली की तेव्हाच पाय टाकायचा. खाली जाताना नाही. खलाशाच्या हाताकडे बघायचं, पाण्याकडे नाही."

मी हे सगळं वहीत लिहून घेतलं. आता वाचणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा, कारण मी ठेवलं नाही.

परवान्याच्या कागदांसाठी पोलीस ठाण्याचा दाखला लागला. तिथल्या हवालदारांनी अर्ज उलटासुलटा पाहिला. "एकट्याच? आणि मिस्टर?" म्हटलं, नाहीत. "मग भाऊ?" म्हटलं, आहे, पण तो येणार नाही. "मग कशाला जाता?" मी म्हटलं, बघायला. असं कारण त्यांच्या रकान्यात बसत नसावं, ते बराच वेळ पेन धरून बसले. शेवटी त्यांनी 'पर्यटन' लिहिलं. तेवढ्यात केरळात महापूर आला, कोचीचा विमानतळ दोन आठवडे बंद होता, आणि भाऊ टीव्ही बघत काही न बोलता माझ्याकडे बघायचा. पण दिवाळीची सुट्टी येईपर्यंत सगळं सुरळीत झालं. रत्नागिरीहून मी मंगला लक्षद्वीप एक्स्प्रेसमध्ये बसले. गाडीच्या नावातच लक्षद्वीप, हा चांगला शकुन आहे असं भाभीनं सांगितलं. भाऊ स्टेशनवर सोडायला आला होता. त्यानं पाण्याच्या दोन बाटल्या घेऊन दिल्या आणि "पोचल्यावर फोन कर" एवढंच म्हणाला.

कोचीला विलिंग्डन बेटावरून जहाज सुटलं तेव्हा ऊन कललं होतं. केबिन मध्यावर होती, खाली होती. अब्बांना मनातल्या मनात सलाम केला. बाकीच्या तीन बर्थवर पुण्याच्या एक निवृत्त नर्स, त्यांची मैत्रीण आणि बडोद्याची एक नोकरी करणारी मुलगी. नर्सबाईंनी आल्याआल्या विचारलं, "घोरतं कोण?" मी म्हटलं, माहीत नाही, आजवर कुणी सांगितलं नाही. त्या म्हणाल्या, "उद्या सांगते." पहाटे मी वुजू करून बाहेर पडले आणि किब्ल्याची पंचाईत झाली. जहाज कुठल्या दिशेला तोंड करून आहे ते आतल्या बोळात कळेना. बेटावरची एक म्हातारी तिथेच चादर अंथरत होती. तिनं हातानं दाखवलं. नंतर संध्याकाळी डेकवर तिनंच समजावलं की सूर्य जिथे बुडतो तिच्या बऱ्याच उजवीकडे. भाषा आम्हा दोघींना एकमेकींची येत नव्हती. मी तिच्या बाजूला दोन रकात पढले.

आणि सकाळी कल्पेनी आलं.

जहाजाच्या कुशीत एक दार उघडतात. त्या दाराखाली लहान बोट येऊन लागते. लांबून पाहिलं तर काहीच नाही. बेटावरच्या बायका कडेवर पोर आणि हातात पिशवी घेऊन अशा उतरत होत्या, जशा आपण ओटीवरून अंगणात उतरतो. माझा नंबर आला. मी दारात उभी राहिले आणि खाली पाहिलं. बोट आत्ता पायाशी होती आणि पुढच्या क्षणाला पुरुषभर खाली गेली. मध्ये काळंनिळं पाणी जहाजाच्या लोखंडावर आपटत होतं. खलाशानं हात पुढे केला. "आओ अम्मा, आओ." माझा पाय उचलेना. दोनदा बोट वर आली, दोनदा गेली. मागे रांग खोळंबली. कुणीतरी मागून म्हणालं, "जाने दो, बाद में आयेगी." मी बाजूला झाले आणि मग पुन्हा पुढे गेलेच नाही.

नर्सबाई बोटीतून ओरडून बोलवत होत्या. पण त्या माझ्या कोण? दोन रात्रींची ओळखही नाही. बरोबर बहीण असती तर तिनं दंडाला धरून ओढलं असतं, पोरं असती तर त्यांच्यापुढे हसं नको म्हणून मी डोळे मिटून उडी घेतली असती. एकटीचा तोटा तो. भाड्यात तो दिसत नाही. तो दिवस मी जहाजावर काढला. जेवण वेळेवर मिळालं, कुणी काही बोललं नाही. चार बर्थच्या केबिनमध्ये मी एकटी, म्हणजे मुंबईच्या जहाजावर दुप्पट पैसे भरून जे मिळालं असतं ते मला इथे फुकट मिळालं होतं. मी रडले, हे लिहायला आता लाज वाटत नाही. मनात सारखं एकच, भावाला हे कळलं तर?

संध्याकाळी नर्सबाई परतल्या तेव्हा त्यांनी ना चौकशी केली ना धीर दिला. ओल्या रुमालात बांधून आणलेला शहाळ्याच्या मलईचा तुकडा दिला आणि म्हणाल्या, "उद्या माझ्या आधी तू. मी मागून ढकलीन." रात्री मी वही काढली. अब्बांचं शेवटचं वाक्य तिथेच होतं, माझ्याच अक्षरात, खाली दोन रेघा मारलेलं.

मिनिकॉयला मी खलाशाच्या हाताकडे पाहिलं. बोट वर आली. बस्स, एवढंच असतं ते.

मिनिकॉय हे लक्षद्वीपमधलं सगळ्यात दक्षिणेचं बेट. भाषा वेगळी, महल म्हणतात तिला, मालदीवच्या भाषेची बहीण. म्हणजे त्या मोठ्या जहाजानं मालदीवला गेले नाही तरी तिच्या दारापर्यंत पोचलेच. १८८५ सालचा उंच दीपस्तंभ आहे, त्याच्यावर चढलं की एका बाजूला हिरवी खाजण आणि दुसऱ्या बाजूला गडद समुद्र. पण माझं मन अडकलं ते तिथल्या वस्तीत. एका घरी आम्हाला नेलं होतं. घरातली बाई माझ्याच वयाची, थोडं हिंदी बोलणारी. नवरा कुठे विचारलं तर म्हणाली, जहाजावर. शेजारणीचा? जहाजावर. भाऊ? तोही. मिनिकॉयचे पुरुष पिढ्यान्‌पिढ्या दर्यावर्दी, जगभरच्या जहाजांवर कामाला, आणि मागे गावाचा कारभार बायका बघतात. गावाला पुरुष मुखिया असतो तशी बाई मुखियाही असते. बाकीच्या बेटांवर घर आणि जमीन आईकडून मुलींकडे जाते. शाफई मुसलमानच सगळे, आपल्यासारखेच, पण घराची किल्ली बायकांच्या कमरेला. मी तिला सांगितलं की माझे वडीलही जहाजावर होते. तिनं मला नीट निरखून पाहिलं, मग विचारलं, "आता घरी आहेत?" म्हटलं, घरी आहेत. "अल्हम्दुलिल्लाह," ती म्हणाली आणि आत जाऊन वाळवलेल्या टुन्याचा, ज्याला ते मास म्हणतात, लाकडासारखा टणक तुकडा घेऊन आली. पैसे घेतले नाहीत.

कवरत्तीला उजरा मशिदीचं नक्षीदार लाकडी छत पाहिलं, काचेच्या तळाच्या बोटीतून प्रवाळ पाहिलं. बोटीत मी नर्सबाईंच्याही आधी उतरले. त्याबद्दल जास्त लिहीत नाही, ते सगळेच लिहितात. परतीच्या रात्री नर्सबाईंनी जाहीर केलं की घोरणारी मीच.

घरी पोचले त्याच्या पुढच्याच आठवड्यात 'गजा' वादळ तामिळनाडूच्या किनाऱ्यावर आदळलं. भाऊ बातम्या बघत म्हणाला, "वाचलीस आपा." त्याच्या आवाजात राग नव्हता. भाभीनं स्वयंपाकघरात हळूच विचारलं, "चौघींची केबिन असते ना?"

अब्बांना मी रात्री झोपाळ्यावर सगळं सांगितलं. इंजिन कुठल्या कंपनीचं होतं हे त्यांनी विचारलं, ते मला सांगता आलं नाही. आधी मी कल्पेनीचं गाळून सांगत होते. मग त्यांनी विचारलं, "कल्पेनी कसं आहे?" आणि मला खोटं बोलता आलं नाही. दारातून परत फिरले, दिवसभर केबिनमध्ये बसले, सगळं सांगितलं.

ते बराच वेळ झोपाळा पायानं ढकलत राहिले. मग म्हणाले, "मुंबईच्या बाहेर जहाज नांगरलेलं होतं. माझी पहिली नोकरी. लाँचमधून दोराच्या शिडीनं वर चढायचं होतं. निम्म्यावर गेलो आणि हात सुटेनात. ना वर, ना खाली. खाली सगळे शिव्या देत होते. आमचा सेरांग मिनिकॉयचा होता. तो खालून चढून आला आणि माझ्या एक पायरी खाली, पाठीशी लागून उभा राहिला. बोलला काही नाही. किती वेळ उभा होता कुणास ठाऊक."

"हे तुम्ही कधी सांगितलं नाहीत."

"तुझ्या अम्मीलाही नाही."

मग त्यांनी मासाचा तुकडा हातात घेतला, नाकाशी धरला, नखानं टोकरून पाहिला. "हा भिजवायला किती वेळ लागतो ते विचारलंस का तिला?"

मी विचारलं नव्हतं.